अर्नीचा पाय आणि सहावं व्हर्जन

प्रिय रोंडा,

तेरा महिन्यांनी माझं अक्षर पाहून पाकीट तसंच कचऱ्यात टाकू नकोस. आधी माझा वैताग ऐक. तो तुझ्याशिवाय अख्ख्या डुलुथमध्ये कुणाला कळणार नाही.

गेल्या आठवड्यापर्यंत सलग नऊ दिवस आपल्या वर्कशॉपमध्ये एकही कृत्रिम पाय तयार झाला नाही. साचे कोरणारं आपलं म्हातारं यंत्र अजून त्या जुन्या विंडोजचंच ऐकतं, आणि ती विंडोज नव्या संगणकाच्या पोटात दुसरा खोटा संगणक मांडूनच चालवावी लागते, हे तुला मी काय सांगू! पण जुनं सॉफ्टवेअर धोक्याचं असतं म्हणून केर्मिटला कुठल्याशा परिषदेत कुणीतरी घाबरवलं. आल्या आल्या म्हणाला, "मालक मी आहे ना? मग आजच्या आज त्या खोट्या संगणकाचं सगळ्यात नवं व्हर्जन टाक." टाकलं. खोटा संगणक झोकात सुरू झाला, पण त्याला यंत्र दिसेचना. वायर काढ, वायर घाल, बोटं दुखायला लागली. त्याच्या मागचं टाकलं तर यंत्र दिसलं. मी हुरळून साच्यासाठी फोमचा ठोकळा लावला आणि निम्मं कोरून झाल्यावर सगळं गोठलं. असे पाच ठोकळे वाया गेले. फार जुनं घेतलं, तर ते या संगणकावर चढायलाच तयार नाही.

त्यात अर्नी. आठवतो ना, खनिजाच्या बोटीवर जन्म काढलेला? तळ्यावरचा बर्फ वितळायच्या आत त्याला बर्फावर बसून मासे धरायला जायचं होतं, आणि जुन्या पायाची वाटी टोचून मांडी सोलून निघालेली. रोज कुबड्या घेऊन दारात हजर. "काय गं मार्लिस, माझा पाय आज कुठल्या व्हर्जनमध्ये अडकलाय?" एकदा मी खेकसले, "अर्नी, घरी जा की जरा!" तो कुबड्या टेकत गेला. मी आत जाऊन रडले.

शेवटी नव्याचा नाद सोडला. सहाव्या व्हर्जनची अगदी शेवटची दुरुस्ती शोधली, जिच्यात नवीन काहीच नाही, नुसत्या चुका काढलेल्या. तिच्यावर ओळीनं चार साचे निघाले, कुठंही न अडकता. अर्नीला पाय बसवला तेव्हा त्यानं आभारसुद्धा मानले नाहीत. खिडकीतून तळ्यावरच्या बर्फाकडे बघितलं आणि कोट मागितला.

केर्मिटनं पाठ थोपटली. "गेल्या वर्षी फेब्रुवारीत रोंडानं असाच घोळ घातला होता," म्हणाला, "तू निदान निस्तरलास."

रोंडा, तो घोळ तुझा नव्हता. त्या दिवशी तू घरी गेल्यावर पडद्यावर नवं व्हर्जन आल्याची सूचना आली आणि मी 'हो' दाबलं. सकाळी सात साचे बिघडले. केर्मिट तुझ्यावर ओरडून तुला कामावरून काढत होता तेव्हा मी शेजारीच कॉफीचा कप धरून उभी होते. तुला कुठंही नोकरी मिळेल, मला मिळणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली. आज दुपारी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तेव्हा तोंड का नाही उघडलंस?" तो तुला फोन करणार आहे. घे किंवा घेऊ नकोस. पण हे तुला त्याच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहिलं.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
मार्लिस