अंतरपाटाआडचा ढोल

माये, तुज्या पायावर डोकं. गुडघे कसे हायेत? आमी समदे बरे हाव, फकस्त रातभर माजा डोळ्याला डोळा लागला न्हाई. रईवारी बाळाचं जावळ हाय, अन् ज्येच्या मांडीवर बसवून काढायचं त्यो मामाच रुसलाय. (फोनवर बोलले तर सासूबाई ऐकत्यात, म्हनून चिठ्ठी.) कावून रुसला, ते सांगती.

आपला केदार अंबाजोगाईच्या कालिजात पोरांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला, तवा गावभर पेढे तूच वाटलेस. त्या मंडळाच्या ढोल पथकात नवं कुनी घ्यायचं असलं का ह्यो आधी आडनाव इचारायचा, मंग गाव, मंग मामाचं गाव. पाव्हना निगाला का घेतला! ढोल वाजवून दाखव म्हनायचाच न्हाई. (पथक सुरू झालं का बैलं दावं तोडायची.) आमची नणंद प्रणिता त्याच कालिजात. तिला म्हनला, पोरींनी झांजा धराव्या. तिची मैत्रीण सत्यशीला, तिचं तर आडनाव ऐकूनच जागा संपली.

पर माये, प्रणिता लई धीराची! मी सासूबाईंना चहात साखर कमी हाय म्हनायलाबी भिते. ती थेट सरांकडं गेली. म्हनली, नाव-गाव नगं, मधी अंतरपाट धरा अन् नुस्तं ऐकून निवडा. सरांना पटलं. केदार ऐटीत, ‘धरा की! मी आवाजावरनं मानूस वळखतो.’

मंग काय, एकेक जन आडून वाजवाया लागलं. एक ढोल असा घुमला का केदार खुर्चीवरनं उटून वरडला, ‘ह्यो आपल्याच गावचा! रगत बोलतंय, रगत!’ पाट खाली केला तर सत्यशीला. अन् ‘डबडं कोन बडवतंय बे, हाकला त्येला’ म्हनला, त्यो निगाला आपल्या मावशीचा हरिओम.

आता दोघी पोरी पहिल्या रांगंत ढोल वाजवत्यात. बघून माजा ऊर भरून येतो. पर केदार माजा फोनच उचलंना.

तुजी भित्री कावेरी

ता.क. एक सांगायचं ऱ्हायलं. अंतरपाट माज्याच लग्नातला. पेटीतनं मीच काढून दिला. लग्नात त्येचं एक टोक केदारनंच धरलतं, हळदीच्या हाताचा डाग बघून कालिजात वळखला त्येनं.

ता.क. मायला वाचता येत न्हाई, तवा ही चिठ्ठी वाचून दाखवनाऱ्या मानसा, तू कोन, कुनाचा, मी इचारत न्हाई. नंबर मागं लिव्हलाय, माज्या भावाला फोन लाव. म्हनावं, मामाची मांडी रिकामी ठिवू नगस. अन् आपलं नाव सांगू नगस. आवाजावरनं मानूस वळखतो म्हनं त्यो.