निमीचा उजवा खांदा

९ जून १९८६
निमीला घेऊन शाळेत. ताईची धाकटी. गावच्या शाळेने वय कमी म्हणून दोनदा परत पाठवली, म्हणून मे अखेर इथे मुंबईत चारकोपला, सुमतीकडे-माझ्याकडे आणली. जन्माचा दाखला नाही. मुख्याध्यापक बाईंनी वय ठरवायला नेहमीचंच केलं. उजवा हात डोक्यावरून ने, डावा कान धर. हात अर्ध्यात थांबला.
"अजून सहाची नाही हो. पुढच्या वर्षी आणा."
सात कधीच संपली म्हणते हिची आई, मी म्हटलं.
"आयांना काय, घाईच असते."
निघताना सहज म्हटलं, डाव्याने कर बघू. तिने उजवा कान चक्क मुठीत धरला.

सायंकाळी. फ्रॉकची मागची बटणं लावताना सुमतीने मला हाक मारली. "हिचा खांदा बघा." उजवा डाव्यापेक्षा बराच वर. मानेच्या मुळाशी कातडीखाली काही कडक. बोट ठेवलं, काढून घेतलं.
"दुखतं का गं?"
"नाय मामा. अडता."

१२ जून
एक्स-रे. डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरली. खांद्याच्या पात्यापासून मानेच्या मणक्यापर्यंत एक हाड. "हे कुणालाच नसतं," म्हणाले. पोटात असताना पातं मानेपासून खाली उतरतं. हिचं उतरलं नाही, मध्ये हाड धरलं.
शांतपणे सांगितलं सगळं. मला नीट ऐकूही येत नव्हतं. निमी बाकावर शेंगदाणे सोलत बसलेली. डाव्या हाताने माझ्यापुढे दोन धरले. खाल्ले. चव

१३ जून
काल पुढे लिहिता आलं नाही. हाड काढायचं, पातं खाली आणायचं. आठ वर्षांच्या आत झालेलं बरं. पुढे हाताच्या नसा ताणल्या जातात, बोटं लुळी पडू शकतात. धोका आताही आहेच. "नक्की वय काय?" मला सांगता आलं नाही. ताईला तार.

१७ जून
ताई आली. गणपतीत आठ पूर्ण होतील म्हणते. ती आधीपासून हेच सांगत होती, आम्ही सगळे त्या हातावर विश्वास ठेवून बसलो. तीन वेळा त्या हाताने हिचं वय मोजलं. हात का अडतो, एकानेही विचारलं नाही.
फिल्म दाखवली. तिने पदराने पुसली. डाग आहे असं वाटलं तिला.

२० जून, शुक्रवार
सोमवारी खाट रिकामी होते, म्हणाले डॉक्टर. ऑपरेशनला होय की नाही, उद्या सांगायचं.
ताई : "हात वर जाणा नाय, पण काम करता. बोटां गेली तर? उद्या कोण करून घालतला तिका?"
मी फिल्म पाकिटात घातली.
"तू शिकलेलो. तुझा चेडू असता तर काय केलं असतस?"
आम्हाला मूल नाही. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.
सुमती भाजी चिरत होती. विळी थांबली नाही. "माझी असती तर केलं असतं."
निमी गॅलरीत शेजारच्या पोरींशी भांडत होती. माझा डाव, माझा डाव.
मग ताईने विचारलं, "सुमती, सोबतीक किती माणसां रवाक देतत गो थय हॉस्पिटलात?"
मी म्हटलं, एकच.
दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.