तुझा फोन मी नेलाय

मने,

तुझा फोन माझ्याजवळ आहे, घरभर शोधत बसू नकोस. सकाळी तुझ्या संपादकांनी फोन केला होता. लगेच व्हिडिओ पाठवायला सांगा म्हणाले. मी म्हटलं, "ती झोपलीय. माणूस आहे ती, नळ नाही, सोडला की बातमी यायला." मग म्हणाले, "झोपू द्या, काकू. तिच्या बातमीमुळेच तो बंद दवाखाना आज उघडतोय."

रात्री झोपेत पुन्हा रडत होतीस. त्यावर आपण बोलू, पण आधी पोटभर जेव. ताट झाकून ठेवलंय.

मी दवाखान्यात चाललेय. घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही. रांगेतल्या प्रत्येकाला सांगायचंय, ही बातमी माझ्या लेकीनं लावून धरली होती.

आई