पूल बसणार नाही!

रवि. ३ जानेवारी १९८८. सकाळी ७.
नवी डायरी. संकल्प: १) रोज चार किलोमीटर फिरणे. २) संतापायचं नाही. ३) लोकांना शहाणं करण्याच्या भानगडीत पडायचं नाही.

सकाळी ९.
संतापलो. शेजारचा पितांबर टेलर सांगत आला, येत्या रविवारी रेल्वेचा नवा पूल बसणार. जुन्या पुलाला लागून लोखंडी सांगाडा महिनाभर तयार होतोय. चार तास गाड्या बंद ठेवून जुना बाजूला काढणार आणि नवा आडवा सरकवत त्याच्या जागी नेणार. अख्खी आळी बघायला निघालीय. बघायला काय, पूल नाचणार आहे का? मी बत्तीस वर्षं पीडब्ल्यूडीत ओव्हरसिअर होतो. पारोळा रोडची मोरी मी बांधली. आजही वरून ट्रक जातात. नारळ सोडाच, कुणी साधं 'बरी झाली हो नाना' म्हटलं नाही.

सोम. ४.
ट्रॅक्टर ठरला. नदीकाठी भरीत-पुरीचा बेत ठरला. बारा किलो वांगी भाजायचं काम आमच्या हिच्याकडे. लोखंड सरकताना बघायचं आणि वांगी खायची, ही जनतेची अक्कल! मी जाहीर केलं, मी येणार नाही. ही म्हणाली, बरं, तुमच्या पुऱ्या झाकून ठेवते. आग्रह करायची काही रीत असते की नाही?

मंगळ. ५.
फिरणे हा संकल्पच असल्यामुळे पुलाकडे गेलो. नदी कोरडी. खालून पुलाची जागा पावलांनी मोजली: चौऱ्याहत्तर. नवा सांगाडा: त्र्याहत्तर. एक पाऊल कमी! पुन्हा मोजलं तेव्हा एकदा एकाहत्तर आणि एकदा अठ्ठ्याहत्तर आलं, पण तोवर गुडघा दुखायला लागला होता, म्हणून ते धरलं नाही. पूल बसणार नाही. लाल शाईने लिहून ठेवतो.

बुध. ६.
इंजिनिअरला चार पानी पत्र लिहून स्वतः नेऊन दिलं. कालचं पोरगं. पहिली ओळ वाचून थँक यू काका म्हणाला आणि पत्रावर चहाचा ग्लास ठेवला. पुढचं वाचायची हिंमत झाली नसावी. घाबरला बिचारा.

शुक्र. ८.
देवपूरहून मेव्हणा आला. नऊ माणसं. सावद्याहून हिचा मावसभाऊ भटू केळीचा घड खांद्यावर घेऊन हजर. सगळे पुलासाठी. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला यांच्यातल्या एकालाही सवड नव्हती. मेव्हण्याला तेव्हा ताप होता. भटूकडे तेव्हा केळीची कापणी होती. बरं.

शनि. ९.
खूप विचार केला. उद्या हजारो माणसं जमतील आणि पूल अडकेल. लोक बिथरतील. अशा वेळी जाणकार माणसाने घरी बसून थंड पुऱ्या खाणं बेजबाबदारपणाचं आहे. जाणार. पण प्रेक्षक म्हणून नाही, मार्गदर्शक म्हणून. मुद्दे पोस्टकार्डावर काढले. टाळी मात्र वाजवणार नाही. मेलो तरी नाही.

रवि. १०. संध्याकाळी ५.
आयुष्यातला मोठा दिवस!
नदीकाठी जत्रा. फुगेवाले, गुऱ्हाळवाले, वांग्यांचा धूर. बायका पुलाला हळदीकुंकू घेऊन आलेल्या. काय म्हणावं! मी रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरच्या ढिगावर चढलो, लोकांकडे तोंड केलं आणि बोलायला सुरुवात केली. पूल का बसणार नाही, मुद्दा पहिला. हळूहळू लोकांचं लक्ष माझ्याकडे लागलं. समोरून आळीतली भिकुबाई ओरडली, नाना, बाजूले व्हा, काहीच दिखत नही! म्हणजे मागच्यांना मी नीट दिसत नव्हतो. आणखी दोन स्लीपर वर चढलो. पाठीमागे कामगारांचा हैशा-हैशा चालू होता, पण वक्त्याने असल्या गोष्टींनी विचलित व्हायचं नसतं. मुद्दा चौथा संपवला आणि माणसं श्वास रोखून बसली. मुद्दा पाचवा, एका पावलाचा फरक, मांडला मात्र, आणि अशा टाळ्या पडल्या म्हणता! शिट्ट्या. टोप्या उडाल्या. मेव्हणा, जो कधी माझ्या बोलण्याला मान डोलावत नाही, तो उड्या मारत होता. भटूच्या डोळ्यांत पाणी. मी दोन्ही हात जोडले. बत्तीस वर्षं उगाच वाईट वाटून घेतलं.
पूल बसला म्हणतात. माझं पत्र वाचून मापं सुधारली असणार.

सोम. ११.
पितांबरने विचारलं, कसं वाटलं काल? म्हटलं, एवढं प्रेम अपेक्षित नव्हतं. तो एकदा माझ्याकडे बघून मशीन चालवायला लागला.
न्हाव्याने विचारलं, नाना, तुम्ही तर सगळ्यात जवळ होतात, शेवटी बसला तेव्हा आवाज आला का हो? म्हटलं, तांत्रिक आवाज आला.

बुध. १३.
पेपरात फोटो. गर्दी, पूल, आणि ढिगावर हात जोडून मी. खाली छापलंय: 'जनतेच्या टाळ्यांचा स्वीकार करताना रेल्वेचे एक वयस्कर खलाशी.'
खलाशी! ओव्हरसिअरला रेल्वेचा मजूर केलं! संपादकांना पत्र लिहिणार. सहा पानी.

गुरु. १४. संक्रांत.
पत्र लिहायला बसलो. टाळ्या नेमक्या कधी पडल्या ते लिहावं लागणार. फोटो भिंगाखाली धरला. चार-पाचशे माणसं. एकही माझ्याकडे बघत नाही. सगळ्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे.
पत्र फाडलं. तिळगूळ घ्यायला कुणाकडे गेलो नाही.

शुक्र. १५. दुपारी.
ओट्यावर लोक अजून तेच बोलतात. कुणी म्हणतं हातभर उरला तेव्हा थांबला होता, कुणी म्हणतं वीतभर. तिथे हजर असूनही पूल सरकताना न पाहिलेला दोन जिल्ह्यांतला माणूस मी एकटाच.
ही तांदूळ निवडत बसली होती. शेवटी विचारलं, कसा सरकला गं?
तिने हसायला हवं होतं. हसली नाही. दोन डबे मांडले, त्यावर उलथनं ठेवलं, हा जुना म्हणाली. शेजारी माझी फूटपट्टी ठेवली. उलथनं अलगद बाजूला काढलं आणि पट्टी इतकी सावकाश सरकवली, की मी चष्मा पुसला. एवढ्याशा फटीपाशी थांबली. तेव्हा कुणी पापणी लवत नव्हतं, म्हणाली. मग बसवली.
मी टाळ्या वाजवल्या. हात आपोआप गेले.
ती म्हणाली, तेव्हाच वाजवायच्या ना, सगळ्यांबरोबर.
मी म्हटलं, तेव्हा मला वाटलं माझ्यासाठीच वाजतायत.
माहीत आहे, ती म्हणाली. म्हणून तर आम्ही कुणी सांगितलं नाही.