स्लॅशनंतरचा आकडा

३ जून
लेखा विभाग जुलैअखेर बंद! नेटवर्क विभागात एकच जागा — सर्टिफिकेट परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास. मी वाणिज्य पदवीधर, वय चोपन्न. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून नेटवर्किंगवरचा एक ग्रंथ आणला. समोरच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "साहेब, मलाही शिकवा की! दुसऱ्याला शिकवल्याशिवाय तुमच्या डोक्यात काही बसत नाही." नोकरी त्यांनाही हवीच असणार. हरकत नाही.

९ जून
जेवणाच्या सुट्टीत शिकवणी. आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे संगणकाचा पत्ता. पहिल्या आकड्यावरून त्याचा क्लास कळतो, क्लासवरून नेटवर्क केवढे ते. १७२ ने सुरुवात — क्लास बी. पत्त्याचे बत्तीस बिट, म्हणजे शून्य-एकची घरे; त्यांतले पहिले सोळा नेटवर्कचे. किती चोख व्यवस्था! सहकारी मान डोलवत होते. मध्येच म्हणाले, "आणि पत्त्यापुढं स्लॅश वीस लिहिलं असलं तर?" छपाईची चूक, मी म्हणालो. त्यांनी डबा उघडला.

१४ जून
लेक न कळवता आली. "बाबा, पुस्तक बघू." चाळले आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हे क्लास कधीच मोडीत निघाले! आता ओळखीपुरते. स्लॅश वीस म्हणजे वीस बिट नेटवर्कचे, मग पहिला आकडा काही का असेना."
संपूर्ण धडा पुन्हा केला. सहकाऱ्यांना मी चुकीचे शिकवले आहे. परीक्षा पुढच्या शनिवारी. जागा एक.

१६ जून
सांगितले नाही.

१७ जून
सांगितले. ते हसले. "ठाऊक होतं, साहेब."
ठाऊक होते! मग बोलला का नाहीत?
"तुमची चूक काढली की तुम्ही आठवडाभर तोंड फिरवून बसता. अभ्यास राहिला असता."
सोयीस्कर उत्तर. मला खुशाल चुकू देत होते, एवढाच त्याचा अर्थ. उद्यापासून स्वतंत्र जेवणार.

२१ जून
परीक्षा झाली. स्लॅशचीच गणिते अधिक. सहकारी दिसले नाहीत. त्यांचे केंद्र दुसरे असावे.

३० जून
उत्तीर्ण. लेकीला फोन केला. "तुमच्या समोरच्या टेबलावरच्या काकांना आधी सांगा हं, बाबा. त्या दिवशी त्यांचा फोन आला म्हणून तर पुस्तक बघायला आले होते. म्हणाले, माझं नाव घेऊ नकोस."

१ जुलै
नेटवर्क विभागाच्या प्रमुखांनी हात मिळवला. म्हणाले, "लेखा विभागातून अर्ज तुमचा एकट्याचाच होता."