मागच्या बंपरचा तुकडा आणि इतर मालमत्ता

मी, आर्लो टोर्गर्सन, वय एक्क्याऐंशी, निवृत्त शाळा-बस चालक, मूळ राहणार व्हाइट क्रीक, नॉर्थ डकोटा, सध्या मुक्काम सॉल्टबुश ट्रेलर पार्क, जागा क्रमांक ४१, यूमाजवळ, ॲरिझोना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि सकाळची कॉफी झाल्यावर लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. माझी मुलगी जोलीन चार वर्षे फोनवर "बाबा, काहीतरी लिहून ठेवा" म्हणते आहे, पण ती सगळ्यांशीच तशी बोलते. हृदयाच्या डॉक्टरांनी जानेवारीत जे सांगितले ते मला नीट ऐकू आले आहे. २००९ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे माझी बायको इर्मा हिच्या नावावर ठेवले होते, आणि इर्मा माझ्या आधी गेली.

कलम १. घर. माझे घर चौतीस फूट लांब असून त्याला चाके आहेत. वकीलबाईंनी विचारले म्हणून स्पष्ट लिहितो. हा फिफ्थ-व्हील जातीचा ट्रेलर आहे, म्हणजे त्याची मान पिकपच्या मागच्या हौद्यात टेकते. साधा ट्रेलर गाडीच्या शेपटीला बांधतात, हा पाठीवर बसतो. २००४ साली मी बस सोडली, आम्ही व्हाइट क्रीकचे घर विकले आणि हे घेतले. दर ऑक्टोबरला बर्फाच्या आधी दक्षिणेकडे, दर मार्चला परत उत्तरेकडे. हा ट्रेलर आणि तो ओढणारा पिकप मी जोलीनला देतो. स्वयंपाकघरातला डावीकडचा खण अडकतो, तो खालून गुडघ्याने ढकलावा. इर्मा तसेच करी.

कलम २. सायकली, आणि त्या नेण्याबद्दल जोलीनला ताकीद. जोलीन, तू सायकली नेणार हे मला ठाऊक आहे, कारण तू तुझ्या आईची मुलगी आहेस. हौद्यात ट्रेलरची मान असते, तेव्हा तिथे ठेवायचा विचारही करू नकोस, पहिल्याच वळणाला सायकलीचा पापड होईल. छतावर ठेवल्यास एखादा बुटका पूल त्या ठेवून घेईल. घरात, पलंगावर, जुन्या चादरीत गुंडाळून नेता येतात. तुझ्या आईने दोन हंगाम ते सोसले, मग तिच्या आईने शिवलेल्या गोधडीला साखळीचे काळे लागले आणि ती म्हणाली, "आर्लो, आता एक तर त्या पलंगावर झोपतील, नाहीतर मी."

मागच्या बंपरला टांगू नकोस. कितीही लोक टांगताना दिसले तरी नाही. तो बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चौकोनी पोकळ नळी आहे, आत सांडपाण्याचा पाइप सरकवून ठेवण्यापुरती. आणि ट्रेलरची शेपटी मानेच्या दुप्पट नाचते. हे मला कोणी शिकवायला नको होते. एकतीस वर्षे मी आरशात पाहिले आहे, खड्डा आला की पुढची पोरे नुसती हलतात आणि मागच्या सीटवरची छताला लागतात.

सायकलींची जागा पिकपच्या नाकावर, पुढे, डोळ्यांसमोर. ही कल्पना माझी नाही. कोणाची ते कलम ५ मध्ये येईल. पुढे सायकलींची टांगणी बसवून घेतल्याखेरीज ट्रेलर हलवायचा नाही, ही या देणगीची अट समजावी.

आता यात काय एवढे, असे कोणी विचारील. नव्या मुक्कामी पोहोचलो की लोक आधी घर समतल करतात, पाणी जोडतात. आमच्याकडे आधी सायकली उतरत. इर्माची हिरवी, पुढे वेताची टोपली. तिने ती लग्नाआधी, दूधडेअरीतल्या पहिल्या नोकरीत घेतली होती. ती पुढे निघे, मी मागे. टपालपेट्या, कपडे धुण्याची खोली, मग कालव्याच्या कडेने जिथवर डांबर असेल तिथवर. कोणाच्या अंगणात लिंबे लागली आहेत, कोणाचा कुत्रा नवा आहे, सगळे ती मागे न बघता मला सांगे. जन्मभर मी चालक होतो. फक्त तिच्या मागून जाताना नव्हतो, आणि तितका सुखी मी दुसरीकडे कुठे झालो नाही.

कलम ३. बँकेतली शिल्लक जोलीनला. वाद घालण्याइतकी ती नाही.

कलम ४. इर्माचे बटाट्याच्या पोळ्या लाटायचे खाचांचे लाटणे शेजारच्या डॉरिन पिकेट यांना, कारण इर्मानंतर या पार्कात त्या पोळ्या फक्त त्याच करतात, जाड करतात ते जाऊ दे. माझी शिडी रूबेन एस्ट्राडा यांना. ती तीन वर्षे त्यांच्याकडेच आहे, आता कायद्याने राहील. पार्कच्या व्यवस्थापकांना काही नाही. त्यांनी इर्माची फुलझाडे "नियमात बसत नाहीत" म्हणून उपटायला लावली होती.

कलम ५. मागच्या बंपरचा तुकडा. सव्वा फूट लांब, मध्यभागी टांगणीचा दांडा खोचण्यासाठी जोडलेले लोखंडी सॉकेट. हा मी माझा मेहुणा, इर्माचा धाकटा भाऊ एल्डन ब्रेके, सध्या राहणार टेक्सास, यास देतो. कारण लिहिणे भाग आहे.

एल्डन वेल्डर. शेतीची अवजारे दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. हिवाळ्यात तो इथे जागा ४२ मध्ये, आमच्या बाजूला उतरे. दारात पाटी असे, "एल्डन ब्रेके, वेल्डिंग", आणि निम्म्या पार्कची मोडतोड त्याच्याकडे येई. मार्च २०१२ मध्ये मी त्याला म्हणालो, मागच्या बंपरला टांगणीचे सॉकेट जोडून दे. त्याने वाकून बघितले.

"दाजी, हा बंपर नाही, पाइपाचं म्यान आहे. पिकपच्या नाकावर लावू या. सायकली दिसत तरी राहतील."

"मला समोर रस्ता बघायचाय, सायकली नाही."

"सायकली गेल्यावर रस्ताच बघायचाय मग."

मी ऐकले नाही. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे, सॉकेट जोडतो. पण उद्या खालच्या सांगाड्यापासून दोन लोखंडी हात काढून बंपरला आधार देतो. तोवर काही टांगू नका. सांधा थंड होऊ दे."

एल्डनचे "उद्या" मला ठाऊक होते. वायोमिंगमध्ये वारा सुटणार असे रेडिओवर होते. दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत मी दोन्ही सायकली टांगल्या आणि निघालो. आम्हा ट्रेलरवाल्यांत निघण्यापूर्वीचा एक रिवाज आहे. गाडीला एक प्रदक्षिणा घालायची, प्रत्येक गोष्टीला हात लावून बघायचे, आणि बायकोने मागे उभे राहून पत्र्यावर दोन थापा मारल्या की मगच हलायचे. बसभोवतीही मी रोज अशी प्रदक्षिणा घाली. त्या दिवशी मी इर्माला म्हणालो, "बस गाडीत, उशीर होतोय." आणि वाटेतल्या एकाही थांब्यावर मी मागे जाऊन पाहिले नाही. पाहिले असते तर पत्र्याला पडलेली चीर दिसली असती.

वायोमिंगमध्ये एका ट्रकवाल्याने मागून दिवे मिचकावले. मला वाटले रामराम करतोय. मी हात केला. त्याने पुन्हा मिचकावले, मी पुन्हा हात केला. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मागे बंपरची दोन टोके लोंबत होती, मधला भाग नव्हता.

ट्रेलर तिथेच सोडून पिकपने आम्ही उलटे गेलो. चाळीस मैलांवर चरात माझी सायकल सापडली, वाकडी, त्या तुकड्याला अजून लटकलेली. हिरवी सापडली नाही. तीन तास शोधली. कोणाला लागले नाही एवढीच देवाची कृपा. वारा असा होता की इर्मा गाडीत बसून राहिली होती. मी तुकडा हातात घेतला. एल्डनचा सांधा चारही बाजूंनी जसाच्या तसा होता. फाटला होता तो शेजारचा पत्रा.

मी तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून हत्यारांखाली घातला. इर्माने विचारले, "काय झालं?"

मी म्हणालो, "तुझ्या भावाचा सांधा सुटला."

एकतीस वर्षांत एकही अपघात नाही, असे जिल्ह्याचे प्रशस्तिपत्रक माझ्या भिंतीवर होते. त्यापायी बोललो. पुढच्या हिवाळ्यात शनिवारच्या पॅनकेक नाश्त्याला सभागृहात हीच गोष्ट मी सगळ्यांना सांगितली, ट्रकवाल्याला हात केल्याच्या विनोदासकट. लोक हसले. मग एल्डनकडे कोणी काम आणीना. तो एक शब्द बोलला नाही. जानेवारीत त्याने पाटी काढली आणि टेक्सासला गेला. इर्माला मी नवी लाल सायकल आणली. ती दोनदा बसली, मग म्हणाली गुडघा दुखतो. २०१९ मध्ये ती गेली तेव्हा एल्डन चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि कॉफीला न थांबता निघून गेला.

गेल्या महिन्यात, डॉक्टरांकडून आल्यावर, मी हत्यारांचा कप्पा आवरायला काढला. तुकडा तिथेच होता. पण तेलाच्या फडक्यात नव्हता. इर्माच्या स्वयंपाकघरातल्या टॉवेलमध्ये होता, कडेला तिने भरलेली निळी फुले, आणि लोखंडाला गंज चढू नये म्हणून ग्रीस लावलेले. म्हणजे तिने पाहिले होते. कधी ते मला ठाऊक नाही. ती माझ्याशेजारी बसून माझी ती गोष्ट ऐकत आली आणि एकदाही बोलली नाही. त्या कप्प्यापाशी मी जमिनीवर बसलो. लाज वाटली. आजही वाटते.

म्हणून माझी इच्छा अशी की माझ्या मृत्यूनंतर हे कलम शनिवारच्या नाश्त्याला, त्याच सभागृहात, मोठ्याने वाचावे. सांधा एल्डनचा होता आणि तो पक्का होता. घाई माझी होती.

हे माझ्यासमोर वाचून साक्षीदारांनी सह्या केल्या.

आर्लो टोर्गर्सन
साक्षीदार: डॉरिन पिकेट. रूबेन एस्ट्राडा (शिडीबद्दल आभार).
सॉल्टबुश, ९ फेब्रुवारी २०२३

पुरवणी

वरील सही करताना डॉरिनबाई म्हणाल्या, "मेल्यावर वाचायचं? म्हणजे आमची तोंडं बघायला तुम्ही नसणार, असंच ना?" मी त्यांना सांगितले की लाटणे परत घेईन. रात्रभर मात्र तेच डोक्यात राहिले, आणि सकाळी मी टेक्सासला फोन लावला.

एल्डन दोन दिवस गाडी चालवून आला. २५ तारखेच्या शनिवारी कलम ५ मी स्वतः उभा राहून वाचले. कोणी हसले नाही. मग तो तुकडा टॉवेलसकट त्याच्या हातात दिला. त्याने सांध्यावरून अंगठा फिरवला.

"बरा आलाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "ताईने तेव्हाच फोन केला होता मला. म्हणाली, तू काही बोलू नकोस. तो स्वतः सांगेल, जरा थांब."

"अकरा वर्षं, एल्डन?"

"ती म्हणाली थांब. थांबलो."

काल त्याने रूबेनचे वेल्डिंगचे यंत्र मागून आणून माझ्या पिकपच्या नाकावर टांगणीचे सॉकेट जोडले. कलम २ ची अट पुरी झाली. सांधा थंड होईपर्यंत आम्ही दोघे खुर्च्या टाकून समोर बसून राहिलो. मग लाल सायकल टांगली, आणि एल्डनने मागे जाऊन पत्र्यावर दोन थापा मारल्या.

सबब कलम ५ रद्द. वस्तू हातोहात दिली. एल्डन ब्रेके यास आता या मृत्युपत्रातून काहीही मिळायचे नसल्यामुळे त्याला या पुरवणीवर साक्षीदार होता येते, असे वकीलबाईंनी कळवले आहे. डॉरिनबाईंचे लाटणे आणि रूबेनची शिडी चालवून घेऊ, असेही त्या म्हणाल्या.

आर्लो टोर्गर्सन
सॉल्टबुश, १ मार्च २०२३

साक्षीदार १: डॉरिन पिकेट, जागा ४०
साक्षीदार २: एल्डन ब्रेके, पुन्हा जागा ४२. व्यवसाय: वेल्डर