हॅलोरन नदीचा खांब

ब्रिस्बेन,
४ ऑगस्ट १९७५

ती. मर्लआत्यास,
ग्लेनिसचा सा. न. वि. वि.

आंब्याची चटणी पोचली. बाबांनी अर्धी बाटली एकट्याने संपवली आणि वर म्हणाले की मर्लला मिठाचा अंदाज कधीच आला नाही. मी फक्त निरोप सांगते आहे.

आमच्या रस्तेखात्याच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय आणि जुने कागद चाळायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मजा येते. पूर्वी प्रत्येक गावची कौन्सिल आपल्या हद्दीपुरता रस्ता करायची आणि हद्द संपली की चिखल सुरू. मग सरकारने खातं काढलं ते भाड्याच्या एका खोलीत, तीन माणसं आणि एक टेबल घेऊन. साहेबांना पुस्तकात अध्यक्षांचे फोटो आणि पुलांची लांबी-रुंदी हवी आहे. मी भांडून एक प्रकरण रस्त्यावरच्या माणसांसाठी मिळवलंय.

आणि काल तळघरात काय सापडावं? हॅलोरन नदीची पूरवही, १९५१ ते ६९. सही व्हर्नआतोबांची, पण रोजचे आकडे तुझे. सातच्या आकड्याला आडव्या रेघेचा कमरपट्टा घालणारी बाई माझ्या ओळखीत एकच आहे, माझ्या प्रत्येक वाढदिवसाच्या कार्डावर तो आहे. पाण्याची खोली दाखवणाऱ्या त्या खांबाशेजारी आतोबांचा फोटो छापायचा आणि खाली तुझं नाव, असं ठरवलंय. हो म्हण.

आतोबांना नमस्कार. जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी ग्लेनिस


हॅलोरन क्रॉसिंग,
१३ ऑगस्ट १९७५

चि. ग्लेनिसला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाला सांग, मिठाची एवढी पारख आहे तर पुढची बाटली स्वतः करावी.

फोटोचं कळल्यापासून तुझे आतोबा हवेत आहेत. पबमध्ये एकूण एकाला सांगून झालं. टोपी धुतली. काल रंगाचा डबा घेऊन खांबावरचे आकडे पुन्हा रंगवून आले. चाळीस वर्षं या रस्त्यावर घालवली, मंदीत फावडं घेऊन लागले ते रस्ता सपाट करणारा ग्रेडर चालवत निवृत्त झाले, पण खात्याने कधी साधं कार्ड पाठवलं नाही. त्यामुळे फोटो जरूर छाप.

माझं नाव मात्र छापू नकोस. कारण विचारू नकोस.

इकडे सगळं ठीक. तब्येत जप आणि आम्हा म्हाताऱ्यांना विसरू नकोस.
तुझी आत्या


ब्रिस्बेन,
२१ ऑगस्ट १९७५

ती. मर्लआत्यास,
सा. न. वि. वि.

तुला आणि विनय? जत्रेत स्पंज केकला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा ती निळी रिबन वर्षभर पुढच्या खिडकीला लावून ठेवणारी तूच ना?

आतोबा आठवडाभर ग्रेडरमागे झोपायची कॅरॅव्हन बांधून रस्त्यावर असायचे. पावसाळ्यात रोज सकाळी सात वाजता नदीवर जाऊन खांब वाचायची तू, आणि जिल्हा कचेरीला फोन करायचीस तू. एक छदाम न घेता, अठरा वर्षं. आता हे सगळं आतोबांच्या एकट्याच्या नावावर छापलं तर मला झोप लागणार नाही. मजकूर महिनाअखेर छापखान्यात जातो. कारण सांगितल्याशिवाय मी ऐकणार नाही.

राग आला तरी लोभ तसाच राहू दे.
तुझी हट्टी ग्लेनिस


हॅलोरन क्रॉसिंग,
२५ ऑगस्ट १९७५

चि. ग्लेनिसला अनेक आशीर्वाद.

तू जळवेसारखी चिकटतेस, अगदी माझ्या वडिलांवर गेली आहेस. तर ऐक, आणि वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल.

तेव्हा पूल नव्हता, रस्ता नदीच्या पात्रातूनच जायचा. पन्नासच्या पुरात जुना खांब मुळासकट गेला. खात्याने नवा पाठवला, आकडे रंगवून. तीन फूट पुरायचा, म्हणजे शून्य बरोबर रस्त्याच्या पातळीला येतं, असं इंजिनियरने लिहून दिलं होतं. तुझे आतोबा म्हणाले, तीन फुटांचा गेला ना, मग मी चार फूट पुरतो, बघू नदी कशी नेते. दोन दिवस पहार मारून त्यांनी खडक फोडला. नदीने तो नेला नाही हे खरं. पण रस्त्यावर चार फूट पाणी असलं की खांब पाच म्हणायचा. खांब खाली उतारावर असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मला कळलं, कारण पहिल्याच पुरात मी केरसुणीचा दांडा घेऊन रस्त्यावर उभी राहिले. दांड्याला दोन फूट, खांबाला तीन.

मी कचेरीला फोन करून सांगितलं की एक फूट वजा करा. तिथला कारकून म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त वाचा. गणित आम्ही करू." मला इतका राग आला की अठरा वर्षं मी फक्त वाचलं.

लॉरीवाल्यांना सगळं ठाऊक होतं. 'व्हर्नचा फूट' काढायचा आणि नदी ओलांडायची. पण तुझ्या आतोबांसमोर अवाक्षर काढायचं नाही अशी मी साऱ्या पबला तंबी दिली होती. त्यांना आजपर्यंत पत्ता नाही. मग त्याच आकड्यांवर तुमच्या खात्याने पूल बांधला, एक फूट फुकट उंच. आता माझं नाव छापलंस तर मी सरकारी पुस्तकात खोटी ठरते. आणि खरं छापलंस तर टोपी धुऊन बसलेल्या या माणसाने तोंड कुठे लपवायचं? मला त्यांची लाज नाही वाटत गं, मला त्यांची काळजी वाटते.

आत्याला समजून घे.
मर्ल


(त्याच पाकिटात)

चि. ग्लेनिसला आशीर्वाद.

तुझ्या आत्याने हे पाकीट टपालात टाकायला दिलं आणि मी ते किटलीच्या वाफेवर उघडलं. असं जन्मात पहिल्यांदाच केलं. शरम वाटली, पण फार नाही.

खांबाचं मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मी आत शिरलो की सगळा पब एकदम मेंढरांच्या भावावर बोलायला लागायचा, आणि आमच्याकडे शंभर मैलांत मेंढरू नाही. खांब उपसून परत पुरणार होतो, पण खडक फोडताना खांदा गेला होता. शिवाय मर्ल माझ्यासाठी सगळ्यांना दटावत फिरते हे बघून बरं वाटायचं.

सदुसष्ट साली पुलाचा इंजिनियर आला. इस्त्रीची अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. मी त्याला काठावरचं झाड दाखवलं. सत्तावीसच्या पुराची खूण म्हणून तुझ्या आजोबांनी त्याला घोड्याचा नाल ठोकला आहे, वहीतल्या सगळ्यात मोठ्या पुराच्याही वर. तो म्हणाला, "नाल म्हणजे नोंद नव्हे. वही दाखवा." मी वही दिली. एक फूट वजा करा, हे ओठांवर आलं होतं. म्हटलं, नालाचं ऐकत नाहीस ना बाबा, मग वहीचं ऐक. आणि गप्प बसलो.

चौऱ्याहत्तरच्या पुरात पाणी त्या नालाला टेकलं आणि पुलाखाली आठ इंच उरले. तो फूट नसता तर वाहून आलेली झाडं पुलावरच आदळली असती. त्याच रात्री शेजारच्या टॉंकिनची सून त्या पुलावरून बाळंतपणाला गेली. मर्लनेही हे सगळं पाहिलं, पण लाजेपुढे माणसाला साधी वजाबाकी सुचत नाही.

खरं ते छाप. पहिली चूक माझी आणि दुसरी लबाडीही माझीच. पण वाचणारीचं नाव आधी. तिला मी स्वतः सांगतो, जरा धीर गोळा होऊ दे.

व्हर्नआतोबा


हॅलोरन क्रॉसिंग,
१६ फेब्रुवारी १९७६

चि. ग्लेनिसला आत्याचे अनेक आशीर्वाद.

पुस्तक मिळालं. तुझ्या आतोबांनी ते पबमध्ये नेऊन सगळ्यांच्या बिअरचे डाग पाडून आणलंय, तेव्हा अजून एक पाठव.

त्यांनी मला सप्टेंबरात पुलावर नेऊन सगळं सांगितलं होतं. मी दोन दिवस त्यांना स्वतःचा चहा स्वतः करायला लावला. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना हसू आलं ते थांबेना. पंचवीस वर्षं दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून जपून ठेवली, आणि साऱ्या गावाला ती माहीत. याला संसार म्हणायचं की काय म्हणायचं, तूच सांग.

एकशे बारावं पान मी उघडंच ठेवलंय, निळ्या रिबनखाली. 'हॅलोरन नदीची पूरवही. वाचन: मर्ल हॅनराहन, १९५१ ते १९६९. खांब व्हर्न हॅनराहन यांनी सांगितल्यापेक्षा एक फूट खोल पुरला. पूल अजून उभा आहे.' साहेबांशी किती भांडलीस ते लिहिलं नाहीस, पण कळतं मला. फोटोत टोपी छान दिसते.

फुटांऐवजी मीटरचा नवा खांब येणार म्हणतात, अजून आला नाही. म्हणून या पावसाळ्यात पुन्हा मीच वाचते. काल सकाळी अकरा फूट होतं. फोन केला तर कचेरीत नवा कारकून, गोड आवाजाचा. त्याने पुस्तक वाचलेलं दिसतं. फार अदबीने विचारलं, "बाई, हे व्हर्नचा फूट धरून की काढून?"

मी म्हटलं, "मी फक्त वाचते. गणित तुमचं."

तुझे आतोबा शेजारी उभे होते, त्यांच्या हातातला चहा सांडला. बाकी क्षेम. येशील तेव्हा पुलावरून ये, आणि माया आहे तशी असू दे.

तुझी आत्या,
मर्ल